ताबिशला बाहेर का बसवलं

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार

नाही, गाववाल्याचा पोरगा म्हणून ताबिशला मी टीममध्ये घेतलेला नाही. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. लोक विचारत नाहीत, नुसते बघतात. रशीदचं आणि माझं गाव एकच, दाभोळच्या खाडीवरचं. इथं आखातात, रुवीत, त्याचं कापडाचं दुकान आहे आणि तो मला मीटरला कधी एक पैसा सोडत नाही. मग मी कशाला त्याच्या पोराला सोडू? पोरगा दुकानामागच्या पार्किंगमध्ये मोडक्या स्टिकनं टेनिसचा बॉल फिरवत होता, तेव्हा बघितला. मान खाली, गुडघे ताठ, सगळंच चुकीचं. पण बॉल स्टिकला चिकटलेला. बाकी सगळं शिकवता येतं, ते चिकटणं शिकवता येत नाही. म्हणून घेतला. विषय संपला.

ही डायरी चंदूसाहेबांनी दिली. चंद्रशेखर साहेब, पुण्याचे. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत इंजिनियर आणि हॉकी टीमचे मॅनेजर. मी स्टोअरकीपर आणि कोच. म्हणाले, "नूरभाई, कोचनं रोज लिहायला हवं. कोण कसा खेळला, काय सुधारलं." मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. म्हटलं, रोज जमणार नाही, डोकं फिरलं की लिहीन. तर म्हणतात, "मग रोजच होईल."

आज मॅच जिंकलो. तीन-एक. दोन गोल ताबिशचे. तिसऱ्या वेळी पास द्यायचा सोडून हावरटासारखा स्वतः मारला, बाहेर. अर्बाब मजीद, आमचे मालक, लँड क्रूझरला टेकून "यल्ला ताबिश, यल्ला" ओरडत होते. अशा ओरडण्यानं पोरं बिघडतात. मॅच संपल्यावर सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी खाली उतरवला आणि मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

२७ जानेवारी

ताबिशला एकवीस पूर्ण झाली. इथं बापाच्या व्हिसावर मुलाला एकविसापर्यंतच राहता येतं. मग नोकरी, नाहीतर विमान. रशीद महिनाभर डोक्याला हात लावून फिरत होता. पोरगा जन्मला इथं, शाळा इथं, गावी सुट्टीत गेला की चौथ्या दिवशी तिकीट विचारतो. तो तिकडे जाऊन काय करणार? खाडीत कालवं काढणार?

मी अर्बाबकडे गेलो. त्यांची पद्धत अशी की आधी काहवा, म्हणजे इथली कडू कॉफी, खजूर, घरच्यांची तब्येत, पुन्हा काहवा, मग काम. मला एवढा दम नाही. एक फिंजान, म्हणजे इवलासा कप, प्यायलो, हलवला, म्हणजे बस झालं असा इथला रिवाज, आणि उभ्या उभ्या सांगितलं की पोराला स्टोअरमध्ये हेल्पर घ्या. अर्बाब म्हणाले, "नूर बोलता तो ठीक." झालं काम. लोक ह्याला महिना लावतात.

संध्याकाळी रशीद आणि जोहराभाभी मिठाई घेऊन थेट स्टोअरमध्ये. भाभी ओढणीनं डोळे पुसतायत. "नूरभाय, तुमी पोराला वाचवलंत."

"भाभी, रडायचं घरी. इथं ट्रक खोळंबलाय."

ताबिशला रॅक दाखवले. त्याचं मराठी म्हणजे तुकडे तुकडे. "चाचा, हा गॅस्केट कुठे राहतो?" म्हटलं, तो इथं राहतो, त्याची बायको गावी असते. त्याला कळलं नाही. चंदूसाहेब मात्र हसत सुटले.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

अझैबाला गेलो होतो, पहिल्या डिव्हिजनच्या टीमबरोबर प्रॅक्टिस मॅच. त्यांचं टर्फ. हिरवी गादी, वरून पाणी मारलेलं. आमचं मैदान म्हणजे माती आणि खडे. तिथं बॉल उडतो म्हणून पोरं अंग उभं ठेवून खेळतात. इथं बॉल उडतच नाही, सापासारखा सरकतो. माझी पोरं फुलपाखरं पकडत होती. पहिल्या हाफमध्ये चार खाल्ले.

ताबिशला दहा मिनिटांत कळलं. मी काही बोललो नव्हतो. स्वतःच खाली वाकला, स्टिक आडवी केली. दोघांना काढून गोल मारला. मग अजून एक करवून दिला, पास देऊन. पास देऊन!

त्यांचा कोच जहूर, लाहोरचा, तोंडात कायम लवंग. माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "नूर साहब, ये लड़का मिट्टी में क्या कर रहा है?"

"खेल रहा है."

"हमें दे दीजिए. ऑफिस की नौकरी, टर्फ, साल में दो दौरे. और दो साल में देखिएगा."

म्हटलं, देखेंगे.

बसमध्ये पोरं गात होती. मी पुढच्या सीटवर बसलो. आता खरं लिहितो, माझ्यासारख्या खालच्या, बी डिव्हिजनच्या कोचचं काम काय? पोरगा घडवायचा आणि वरच्याच्या हातात द्यायचा. ठेवून घेतला तर तो कोच नाही, गोदामवाला. मी दिवसभर गोदामातच असतो, मला फरक माहीत आहे.

आनंद वगैरे काही नाही. भूक लागली होती म्हणून दोन पराठे जास्त खाल्ले.

१० फेब्रुवारी

चंदूसाहेबांनी जेवताना सांगितलं. मागच्या महिन्यात ताबिश मोकळा होता. अझैबावाल्यांनी थेट व्हिसा काढला असता. आता तो आमच्या कंपनीचा माणूस आहे. अर्बाबनं एनओसी दिल्याशिवाय दुसरीकडे जाता येणार नाही. आणि अझैबाची नावनोंदणी मार्चअखेर बंद. पुढच्या वर्षी जहूर दुसरा कुणी शोधेल.

"म्हणजे मी त्याला बांधून ठेवला?"

"तसं नाही नूरभाई. तुम्ही मदत केलीत."

"मदत म्हणजे दोरीच झाली की."

"अहो, अर्बाबना सरळ विचारा ना. भला माणूस आहे."

ह्यांना विचारा म्हणायला काय जातं. मागे एका सुपरवायझरनं एनओसी मागितली, आठवड्यात व्हिसा कॅन्सल, एअरपोर्ट. चंदूसाहेब म्हणतात त्यानं डिझेल विकलं होतं. विकलं असेल. पण कॅन्सल झाला एनओसी मागितल्यावर. आणि मी कोणत्या तोंडानं जाऊ? काल म्हटलं पोराला घ्या, आज म्हणू सोडा? अर्बाब म्हणतील, नूर, माझी कंपनी म्हणजे धर्मशाळा आहे का. बरोबरच म्हणतील.

त्यातून ताबिश त्यांचा लाडका. चांगली गाय कोण दावं सोडून देतं?

१६ फेब्रुवारी

अर्बाबनं ऑफिसात बोलावलं. काम काही नाही. काहवा ओतला, खजुराची ताटली पुढं सरकवली. "नूर, टीम कैसा है? ताबिश कैसा है?"

"ठीक है अर्बाब."

"कुछ मांगता तो बोलो."

मी सावध झालो. कुणीतरी कान भरलेत. बघतायत, म्हातारा तोंड उघडतो का. मी फिंजान हलवला. "कुछ नहीं अर्बाब, सब बराबर." उठलो. दारापाशी गेल्यावर परत म्हणाले, "बैठो ना, जल्दी क्या है." म्हटलं ट्रक खोळंबलाय. ट्रक नव्हता.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

विचार केला. चांगली गाय कोणी सोडत नाही, भाकड गाय दुसऱ्या दिवशी सोडतात. अर्बाबला पोरगा भाकड दिसला पाहिजे. एवढंच आहे. त्यात रडारड नाही, विनवण्या नाहीत.

आजच्या मॅचला ताबिशला राइट-इनवरून काढला आणि लेफ्ट-बॅकला टाकला. उजव्या पायावर उभा राहणारा पोरगा, डावीकडे अंधळा. दोनदा चकला. एक गोल त्याच्याच बाजूनं झाला. तरी कसेबसे जिंकलो. अर्बाब ओरडले नाहीत. हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होते, पोराकडे नाही. म्हणजे राग धरलाय. बरंय.

२३ फेब्रुवारी

ताबिश सकाळपासून खोकी आपटत होता. शेवटी आला.

"चाचा, माझा काय चुकला?"

"डोकं खाली घालतोस."

"मी नाही घालत! आय स्वेअर चाचा, दोन वर्षं नाही घालत."

"मग जास्तच वर ठेवतोस."

तो वळून खोक्यांकडे निघाला. मग म्हटलं, संध्याकाळी ट्रक धुवायच्या रॅम्पवर ये.

तो रॅम्प गुळगुळीत सिमेंटचा आहे. पाणी मारलं की बॉल टर्फसारखा सरकतो. जुने ऑइल फिल्टर ओळीनं मांडले आणि त्याला उलट्या स्टिकनं बॉल काढायला लावला. पाठ मोडेपर्यंत खाली. मातीत ह्याची गरज पडत नाही, अझैबात ह्याच्याशिवाय पोट भरणार नाही. "खाली! अजून खाली! कंबर काय बँकेत ठेवली आहेस?" पोरगा घामानं आणि पाण्यानं चिंब.

"मॅचमध्ये खेळू देत नाही, मग इथे का मारता मला?"

"तोंड बंद, गुडघा खाली."

वर बघितलं तर अर्बाब ऑफिसच्या खिडकीत. मी लगेच ताबिशला दोन शिव्या हासडल्या, म्हणजे शंका नको.

१ मार्च

फोनच्या बूथवरून घरी बोललो. बायकोला, सुरैयाला, सांगितलं की आमचा पोरगा उलट्या स्टिकनं आता दोघांना काढतो, मनगट सुटलंय, फक्त डावा खांदा अजून पडत नाही.

ती म्हणाली, "कार्ड संपत आलं असेल. जावयाचं ऑपरेशन झालं, माहिताय ना तुमाला?"

"माहिताय."

"मग विचारलंत का?"

म्हटलं, विचारणारच होतो, तू मध्ये बोललीस. बायकांना फोनवर सगळं एकदम बोलायचं असतं.

५ मार्च, शुक्रवार

आज अर्धा वेळच खेळवला. पोरं कुजबुजतात. गोलकीपर अरमान तोंडावर म्हणाला, "चाचा, पर्सनल आहे का काही?" त्याला म्हटलं, तू तुझा गोल सांभाळ, भोकं दिसतायत त्यात.

मला एकच भीती आहे. पोराला खरंच वाटायला लागलं की आपण भाकड आहोत तर? पायातलं पाणी एकदा गेलं की परत येत नाही, मी बघितलेत असे. रोज रॅम्पवर घेतो ते त्यासाठीच. तिथं बॉल त्याचं ऐकतो, तेवढं त्याला दिसलं तरी बास. पण तो आता माझ्याकडे बघतच नाही. बॉलकडे बघतो आणि जातो.

चांगलंच आहे. कोचकडे कशाला बघायचं.

१२ मार्च, शुक्रवार

इब्री. सकाळी बसनं निघालो, शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तरी टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये गेली असती. कंपनी टीम काढल्यापासून आम्ही ह्याची वाट बघतोय. इब्रीतले आपले दुकानदार शटर अर्धं ओढून बघायला आले होते. अर्बाब स्वतः गाडी चालवत आले. रशीद दुकान बंद करून आला, नवा शर्ट घालून.

मी अकरा नावं वाचली. त्यात ताबिश नव्हता.

चंदूसाहेब म्हणाले, "नूरभाई, नाव राहिलं."

"राहिलं नाही."

"वेड लागलंय का? आज?"

आजच. आज बसवला नाही तर कधी बसवणार? अर्बाबच्या डोळ्यांसमोर, सगळ्या टीमच्या डोळ्यांसमोर, सगळ्यात मोठ्या मॅचला. ह्यानंतर कोण म्हणेल की हा ठेवून घेण्यासारखा आहे?

हाफटाइमला शून्य-शून्य. मग त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर मारला. शेवटची दहा मिनिटं बॉल आमच्या राइट-इनच्या जागेवर चार वेळा आला आणि चारी वेळा त्या जागेवर कुणी नव्हतं. पोरं माझ्याकडे बघत होती. ताबिश बाकावर पॅड बांधून, स्टिक मांडीवर, ताठ. एकदाही म्हणाला नाही, चाचा, मी जाऊ? म्हणाला असता तर मी काय केलं असतं माहीत नाही.

हरलो. एक-शून्य.

बसमध्ये रशीद उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "नूरभाय, मी तुला भाऊ समजलो. माझा पोरगा पुढं जातोय बघून तुझा जीव जळला. लोकांनी सांगितलान मला, मी ऐकला नाही."

अरमान म्हणाला, अंकल, बसा. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर काय होतं? नुसता डोंगर. तो बघितला.

१४ मार्च

अर्बाबनं बोलावलं. काहवा. मी एक फिंजान घेतला.

"नूर. बोलो, क्या मांगता?"

वेळ आली होती. म्हटलं, "अर्बाब, वो ताबिश को छोड़ दो. किसी काम का नहीं. स्टोर में भी नहीं, मैदान में भी नहीं. अझैबावाले मांगते हैं, तो दे दो. बला टलेगी."

"किसी काम का नहीं?"

"नहीं."

अर्बाबनं काहवा संपवला. मग हसले. क्लार्कला हाक मारली, सही केली, शिक्का मारला. मला कागद देताना म्हणाले, "मैं भी खिड़की से देखता, नूर." म्हणजे पोरगा काम करत नाही ते त्यांनीही बघितलं होतं. जमलं! मला खोटं बोलता येत नाही असं सुरैया म्हणते. तिनं आज इथं असायला हवं होतं.

चंदूसाहेबांच्या हातात कागद दिला. त्यांनी वाचला, परत वाचला, चष्मा काढला. "म्हणून इब्री?" म्हणाले. मी चहा सांगायला गेलो.

१६ मार्च

ताबिश गेला. मी मागच्या रॅकपाशी फिल्टर मोजत होतो. चंदूसाहेब त्याला म्हणाले, "चाचांना भेटून जा."

"कशाला? त्यांनी मला फेकला ना बाहेर? फाइन. मी तिथे खेळून दाखवतो त्यांना."

चंदूसाहेब काहीतरी बोलायला लागले, मी रॅकवरून एक डबा पाडला. मोठा आवाज झाला. ते गप्प बसले.

खेळून दाखवणार म्हणाला. म्हणजे पायात पाणी आहे अजून.

२ एप्रिल, शुक्रवार

अर्बाब सकाळी गाडी घेऊन आले. "चलो, अझैबा. मॅच है." मी म्हटलं काम आहे. म्हणाले, शुक्रवारी कसलं काम, बैठो.

कपची मॅच. ताबिश पहिल्यापासून मैदानात. हाफटाइमच्या जरा आधी गोलसमोरच्या डीच्या टोकावर त्याला बॉल मिळाला, डावीकडे, जिथं तो अंधळा होता. खाली गेला. पार खाली, गुडघा पाण्याला लागला. उलट्या स्टिकनं एक काढला, दुसरा काढला, आणि मारला नाही. पास दिला. मोकळ्या माणसाला. गोल.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. जाळीला धरून उभा होतो, हात मोकळे नव्हते.

रशीद पलीकडे लोकांना सांगत होता, "जहूरसाहेबांनी पंधरा दिवसांत पोराचा खेळ बदललान. कोच असावा तर असा." जोहराभाभीला सलाम केला, तिनं ओढणी पुढं ओढली. जहूर मात्र येऊन माझा हात दाबून गेला. लवंगेचा वास अजून जात नाही. ताबिश पाणी प्यायला जाळीपर्यंत आला, मला बघितलं, पाठ फिरवली. नव्या टीमच्या शर्टावर पाठीवर सहा नंबर आहे. खांदा पडायला लागलाय आता, डावा.

परत येताना अर्बाबनं आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "नूर, जहूर मेरे पास आया था. फेब्रुवारी में. लड़का मांगने."

मी एसीची जाळी दुसरीकडे वळवली.

"मैं बोला, लड़का नूर का है. नूर मांगेगा, उसी दिन दूंगा. मैं तुमको बुलाया. पूछा. फिर पूछा. तुम बोला, सब बराबर."

एसी चालू होता तरी मी काच खाली केली.

"इब्री में क्यों हारा, नूर?"

रुवी येईपर्यंत त्यांनी परत विचारलं नाही. उतरताना म्हणाले, अगले साल फिर कोशिश, इन्शाल्ला. मी इन्शाल्ला म्हटलं.

चंदूसाहेब खाली वाट बघत उभे होते. अर्बाब गाडीत काय म्हणाले, विचारलं. म्हटलं, एसीबद्दल बोलत होते. म्हणाले, ताबिशला सांगून टाका नूरभाई, नाहीतर मी सांगतो. म्हटलं, तुम्ही सांगितलंत तर उद्यापासून टीमला दुसरा कोच बघा. त्यांना वाटतं मी मोठेपणा करतोय. मोठेपणा कसला डोंबलाचा.

पोराला काय सांगू? की तुला सगळ्यांसमोर बसवला तो ज्याच्यासाठी, ते नुसतं मागितलं असतं तरी मिळालं असतं?

नाही सांगणार. त्याला नाही, रशीदला नाही, सुरैयालाही नाही. आणि ह्या डायरीत पण ह्यावर आता एक अक्षर लिहिणार नाही.